यंदाचं माप

*सलाम ताई. मी अहिल्यानगरला राहते, वय ५८. मिस्टर दवाखान्यात कंपाउंडर होते, आता निवृत्त आहेत. मोठी मुलगी जर्मनीत नर्स आहे, तिचं बरं चाललंय. लिहितेय ते मुलाबद्दल. तो २७ वर्षांचा, बंगळुरूला कंपनीत आहे. लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गात, कायम पहिला, नाताळच्या नाटकात दर वर्षी मेंढपाळ. चार वर्षांपूर्वी तिकडे गेला आणि हळूहळू उपासनेला जाणं सुटलं. रूमवर ख्रिस्ती कुणी नाही, एक कोल्हापूरचा मुलगा आहे.*

*मी रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना करते आणि साडेपाचला मुलाला वचन पाठवते. पूर्वी उत्तर यायचं, आता ब्लू टिकसुद्धा येत नाही. रविवारी दुपारी फोन करून 'चर्चला गेला होतास का' एवढंच विचारलं तरी चिडतो. फेब्रुवारीत मला ताप होता, एक पहाट जाग आली नाही, प्रार्थना राहिली. त्याच रात्री त्याची गाडी घसरली, खांद्याचं हाड मोडलं. रूमवरच्या मुलानेच दवाखान्यात नेलं, रात्रभर तोच थांबला. तेव्हापासून मला नीट झोप नाही. एकही पहाट चुकवायची हिंमत होत नाही.*

*महिला मंडळात मी त्याच्यासाठी प्रार्थना मागितली, म्हटलं की तो विश्वासापासून दूर गेलाय, वाईट संगत लागली असेल. ते फिरत फिरत त्याच्या आतेभावाकडून त्याच्यापर्यंत पोचलं. मला म्हणाला, 'आई, तू माझ्यासाठी प्रार्थना करत नाहीस, माझ्यावर पहारा ठेवतेस.' आता रविवारचा फोन उचलत नाही. मिस्टर काही बोलत नाहीत. रात्री जेवणाआधी प्रार्थना करताना त्याच्या नावाशी आले की त्यांचा आवाज अडकतो, मग घाईने आमेन म्हणतात.*

*आमच्या पाळकांना त्याच्याशी बोलायला सांगू का? की प्रार्थनाच थांबवू? देव माझं ऐकतोय का?*

*एक आई*

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही शेवटी तीन प्रश्न विचारलेत. पण मला आधी त्या तापाच्या पहाटेबद्दल बोलू द्या. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबायला नको. फेब्रुवारीपासून तुम्हाला झोप नाही, आणि जी भीती तुम्हाला जागं ठेवतेय ती देवाने तुमच्या मनात घातलेली नाही.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय काढा. सात मुलगे, तीन मुली. सगळी मोठी झालेली, मुलगे आपापल्या घरी राहणारे, पाळीपाळीने एकमेकांकडे जेवणावळी करणारे. जेवणावळींची फेरी संपली की बाप पहाटे उठायचा आणि एकेका लेकरासाठी, मोजून, होमबली म्हणजे वेदीवर जाळायचं अर्पण वाहायचा. का, तर कदाचित माझ्या मुलांनी मनातल्या मनात देवाला सोडलं असेल. त्या 'कदाचित'मध्ये तुम्ही, मी, सगळेच आईबाप आहोत. आणि ईयोब हे नेहमीच करत असे, असंही तिथेच सांगितलंय. म्हणजे त्याची एकही पहाट चुकली नव्हती. तरी त्याच अध्यायात रानाकडून वारा सुटतो, घर कोसळतं आणि दहाच्या दहा मुलं जातात.

हे वाचून छातीत धस्स होतं, मला ठाऊक आहे. पण नीट बघा. प्रार्थना म्हणजे विम्याचा हप्ता असती, एक चुकला की पॉलिसी बंद, तर ईयोबाइतके नियमित हप्ते कुणी भरले होते? पुढे त्याचे मित्र येतात आणि पानंच्या पानं त्याला समजावतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. ताई, गेले चार महिने तुम्ही स्वतःला तेच सांगताय जे ते मित्र ईयोबाला सांगत होते.

आपल्याकडचं बघायचं तर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेच्या बळावर शेकडो अनाथ मुली आणि विधवा सांभाळल्या. त्यांची एकुलती एक मनोरमा. तिला शिकायला सातासमुद्रापार धाडलं, ती परत येऊन आईच्या कामाला लागली, आणि १९२१ साली आईच्या आधी गेली. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. लेकीसाठी रमाबाईंची प्रार्थना कुठे कमी पडली असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल? मग तुमच्याबद्दल तुम्ही ते का म्हणता?

आणि त्या रात्री काय घडलं ते तुम्हीच लिहिलंय, पण लिहिताना तुमच्या नजरेतून निसटलं. १२१वं स्तोत्र तुम्हाला पाठ असेल. रक्षण करणारा डुलकी घेत नाही, झोपत नाही. तुम्ही तापाने ग्लानीत होतात, तुमचा मुलगा मोडलेल्या खांद्याने दवाखान्यात पडला होता, आणि तिथे कोल्हापूरचा एक मुलगा रात्रभर जागा होता. औषधाची चिठ्ठी घेऊन खाली-वर करणारा तोच असेल, फॉर्मवर सही करणाराही तोच. दुसऱ्या दिवशी त्यालाही कामावर जायचं असेल. 'रूमवर ख्रिस्ती कुणी नाही' या वाक्यात तुम्ही त्याला तक्रार म्हणून बसवलंत. मला तर तुमच्या आजवरच्या सगळ्या पहाटेच्या प्रार्थनांचं उत्तर त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसलेलं दिसतंय. त्याचं नाव तुम्हाला माहीत आहे का? माहीत असेल तर उद्या पहाटे पहिलं नाव त्याचं घ्या. माहीत नसेल तर मुलाला फोन करायला यापेक्षा चांगलं कारण नाही.

फक्त तो फोन कसा करायचा त्याआधी आणखी एक गोष्ट सांगायचीय. तुमचं पत्र वाचल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही.

बायबलमधल्या हन्नाची गोष्ट आपण महिला मंडळांत कितीदा ऐकतो. मूल नाही म्हणून तिचं रडणं, एली याजकाला ती प्यालेली वाटणं, मग शमुवेलाचा जन्म, आणि दूध तुटल्यावर त्याला शिलोच्या मंदिरात नेऊन सोडणं. बहुतेक प्रवचनं तिथेच संपतात. पण पुढच्या अध्यायात एक लहानसं वचन आहे, पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायातलं एकोणिसावं. त्याची आई दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करायची आणि वार्षिक यज्ञासाठी नवऱ्याबरोबर वर जाताना तो घेऊन जायची.

मूल शिलोत, आई रामा गावात. भेट वर्षातून एकदा. दूरच्या लेकरासाठी जिने कधी स्वेटर विणलाय तिला विचारा, अडचण लोकरीची नसते, मापाची असते. गेल्या वर्षी कमरेपर्यंत येत होता, आता किती आला असेल? बाही किती वाढवू? खांदे भरले असतील का? समोर मूल नाही, टेप लावायला पाठ नाही. तिच्याकडे मागच्या भेटीची आठवण, आणि यात्रेहून परतलेल्या कुणाला तरी विचारून मिळालेलं असेल तेवढं. त्या आईला एक मात्र पक्कं कळलेलं असणार, की मागच्या वर्षीचा झगा यंदा होणार नाही. तिने पाळण्यातल्या शमुवेलाच्या मापाचा झगा जपून दर वर्षी तोच नेला असता, तर तिच्या मायेत काय कमी होतं? काहीच नाही. झगा मात्र अंगात गेला नसता.

आता तुमच्या पत्राकडे या. त्यात मला एक मुलगा स्पष्ट दिसतो. शब्बाथ शाळेत पहिला येणारा, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन मेंढपाळ झालेला. तो दहा-बारा वर्षांचा आहे. २७ वर्षांच्या माणसाबद्दल काय कळलं? कंपनीत आहे, उपासनेला जात नाही, हाड मोडलं. तो नेमकं काय काम करतो, संध्याकाळी घरी येतो की रात्री, कुणाशी मनातलं बोलतो, कशाने खचतो, काही नाही. तो खांदा आता बरा आहे का, हात डोक्याच्या वर जातो का, शर्ट एकट्याला घालता येतो का, हेही तुमच्या पत्रात नाही. तुम्हाला माहीत असेल आणि लिहायचं राहिलं असेल तर मला माफ करा. पण माहीत नसेल, ताई, तर पहाटेची प्रार्थना जुन्या मापाने शिवली जातेय.

मी हे दुरून बोलत नाही. माझा मुलगा नोकरीसाठी नाशिकला होता तेव्हा मी दोन वर्षं त्याच्या बढतीसाठी मागत होते, उपास धरून मागत होते. पुढे कधीतरी तो बोलला, की त्या दोन वर्षांत ती नोकरी सोडायची कशी याच विचाराने तो रात्र रात्र तळमळत होता. मला सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही. 'तुझ्या बढतीसाठी प्रार्थना करतेय हं' एवढं मात्र दर फोनला सांगत होते. दर वेळी ते ऐकून त्याच्या मनावर आणखी एक दगड ठेवला जात होता. ते आठवलं की आजही माझा जीव कासावीस होतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. प्रार्थना मुळीच थांबवू नका, माप नव्याने घ्या. आणि माप घ्यायचं तर मुलाला विचारायला लागतं. 'तुझ्यासाठी काय मागू?' हा प्रश्न मोठ्या झालेल्या मुलाला विचारून बघा. पहिल्यांदा 'काही नाही' असंच उत्तर येईल. येऊ द्या. त्यावर 'असं कसं काही नाही' म्हणू नका. सहा महिन्यांनी कदाचित सांगेल की मॅनेजर छळतोय. मग पहाटे त्या मॅनेजरचं नाव घ्या. प्रेषित पौलाने तुरुंगातून फिलिप्पै शहरातल्या मंडळीसाठी काय मागितलं तेही एकदा वाचा: त्यांची प्रीती ज्ञानाने आणि समजुतीने उत्तरोत्तर वाढावी. दूर असलेल्या, स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या माणसांसाठी केलेली प्रार्थना आहे ती. २७ वर्षांच्या अंगाला नीट बसते.

पण विचारण्याआधी एक काम बाकी आहे, आणि ते सोपं नाही.

आपल्या मंडळ्यांमध्ये 'प्रार्थनेसाठी सांगते हं' असं म्हटलं की मग काहीही सांगायची मोकळीक मिळते. सांगणारीच्या मनात पाप नसतं, ऐकणाऱ्यांच्याही नसतं, तरी चौथ्या दिवशी ती गोष्ट गावभर असते. 'वाईट संगत लागली असेल' हे देवापुढे बोललात तर तो ऐकून घेईल, त्याला खरं काय ते माहीत आहे. तेच दहा बायकांपुढे बोललात की ती बातमी होते. शिवाय ती खरी आहे की नाही हे तुम्हालाही माहीत नव्हतं. पत्रातसुद्धा तुम्ही 'असेल' लिहिलंय. ज्याच्या संगतीबद्दल बोललात तोच रात्रभर दवाखान्यात बसणारा मुलगा निघाला, तर?

त्यामुळे मुलाची माफी मागा. तीन वाक्यांत: 'तुला न विचारता मंडळात तुझ्याबद्दल बोलले. चुकलं माझं. परत नाही होणार.' याला 'पण' जोडायचा नाही. 'पण आईचं काळीज आहे रे' असं ओठांवर येईल, गिळून टाका. आवाज भरून आला तर येऊ द्या, पण रडून त्यालाच तुमची समजूत घालायला लावू नका. पुढच्या बैठकीत मंडळातही एवढंच म्हणा: 'माझ्या दोन्ही लेकरांना प्रार्थनेत ठेवा.' कुणी 'काय झालं?' विचारलं तर 'देवाला माहीत आहे' हे पुरेसं उत्तर आहे, आणि खरंही आहे.

फोन रविवारी करू नका. रविवारी दुपारी तुमचं नाव स्क्रीनवर दिसलं की त्याला पुढचा प्रश्न आधीच ऐकू येतो. बुधवारी करा, गुरुवारी करा. खांद्याचं विचारा, त्या कोल्हापूरच्या मुलाचं विचारा, त्याच्या आईपर्यंत आपले आभार कसे पोचवायचे ते विचारा. चर्चचं तो काढेल तेव्हा बोला. पहाटे साडेपाचची वचनं बंद करा. रात्री उशिरापर्यंत काम करणारा मुलगा त्या वेळी झोपलेला असतो, आणि जागा झाल्यावर त्याला गुलाबाच्या चित्रावरचं वचन दिसतं, वचन पाठवणारी आई दिसत नाही. दोन-तीन महिने काहीच पाठवू नका. नंतर कधी अगदी आतून वाटलं तर स्वतःच्या शब्दांत एक ओळ लिहा. तुमची भाषा चांगली आहे. मिस्टर मुलाच्या नावाशी अडकतात हे तुम्ही ज्या तऱ्हेने लिहिलंय, तसं एक वाक्य त्याला महिनाभर पुरेल.

पाळकांना सांगू का, हे तुम्ही विचारलंत. नको. निदान आत्ता नको. हे मी आपल्या मनाचं सांगत नाही.

वसईकडच्या कॅथलिक घरांत संत मोनिका सगळ्यांना ठाऊक असते, २७ ऑगस्टला तिचा सण. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. उत्तर आफ्रिकेतली ही बाई. मुलगा ऑगस्टिन फार हुशार, पण आईच्या विश्वासाकडे पाठ फिरवून भलत्याच पंथात गेलेला. तिने एका बिशपला गळ घातली की तुम्ही माझ्या मुलाशी बोला. त्याने साफ नकार दिला. म्हणाला, तो आत्ता ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू दे, तू फक्त त्याच्यासाठी प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. हा बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढला होता आणि स्वतः वाचून बाहेर पडला होता, म्हणजे कळून बोलत होता. मोनिका ऐकेना, रडत राहिली. शेवटी तो त्रासून म्हणाला, जा आता, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणं शक्य नाही.

पुढची गोष्ट माझ्या दृष्टीने याहून मोठी आहे. साल ३८३. ऑगस्टिन तेव्हा कार्थेजमध्ये होता, त्याला रोमला जायचं होतं आणि आईला ते नको होतं. तो तिच्याशी खोटं बोलला: मित्राला निरोप द्यायला बंदरावर जातोय, वारा अनुकूल होईपर्यंत थांबावं लागेल. तिला जवळच्या एका प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली. ती तिथे रात्रभर एकच मागत होती, की देवा, माझ्या मुलाला जाऊ देऊ नकोस. रात्रीच वारा फिरला आणि जहाज निघून गेलं. सकाळी किनाऱ्यावर आई एकटी.

त्या रात्री देवाने तिचं ऐकलं नाही, असं त्या सकाळी कुणीही म्हटलं असतं. पण त्या जहाजाने ऑगस्टिन रोमला गेला, रोमहून मिलानला, आणि मिलानमध्ये त्याला बिशप अँब्रोज भेटला. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. मोनिकाही तोवर समुद्र ओलांडून मुलाकडे पोचली होती. त्याच वर्षी परतीच्या वाटेवर ती वारली. मुलाने पुढे स्वतःच लिहून ठेवलं, की आई त्या रात्री जे मागत होती ते देवाने दिलं नाही, ते आई कायम जे मागत आली होती ते देण्यासाठी. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला, 'देव ऐकतोय का'ला, माझ्यापाशी याहून चांगलं उत्तर नाही. बंगळुरूची गाडी ही तुमच्या प्रार्थनेविरुद्ध सुटलेली गाडी आहे असंच का धरून चालायचं?

तुमचा मुलगाही ऑगस्टिनसारखा परतेल, हे मी लिहून देणार नाही. ते माझ्या हातात नाही, तुमच्याही नाही. मात्र माणसाला विश्वासात ढकलता येत नाही हे नगरकरांना काय सांगायचं? कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या, माहेरच्या माणसांत राहिल्या. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला. मधली वर्षं त्यांनी त्यांच्या पायांनी चालून काढली, टिळकांना ती त्यांच्यासाठी चालता आली नाहीत. आणि आणखी एक, हे लिहिताना माझा हात जड होतो: आपल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत तीन-चार पिढ्यांमागे एक आई होती, जिचा मुलगा तिच्या देवघराकडे पाठ फिरवून निघून गेला. तीही पहाटे उठून त्याच्यासाठी रडली असेल. आपण त्या मुलाची नातवंडं-पतवंडं. मला वाटतं, तिच्या रडण्याची आठवण ठेवून आपण आपल्या मुलांसाठी रडावं.

आता माझ्या आईचं सांगते. मी १९७४ साली नर्सिंगला मिरजेला गेले तेव्हा १८ वर्षांची होते. आमचं गाव जालन्याजवळ. आई चौथी शिकलेली. दर आठवड्याला तिचं पोस्टकार्ड यायचं. गावाकडच्या दोन-चार बातम्या आणि शेवटी, दर वेळी त्याच शब्दांत: 'रोज रात्री नऊला तुझं नाव घेते. जेवत जा.'

बस. चर्चला जाते का, बायबल वाचते का, कधी विचारलं नाही. आमच्या घरी भांडी आवरली की कंदिलाशेजारी कौटुंबिक प्रार्थना व्हायची, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत सगळ्यांची नावं घेऊन. मी घरात नव्हते तरी माझी जागा तिसरीच राहिली होती. वॉर्डातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं. रात्रपाळीला त्यात नऊ वाजले की मी मनात म्हणायचे, आईचं अजून शेवटचं पातेलं घासून व्हायचंय. मग पाच मिनिटांनी हातातलं काम क्षणभर थांबवायचे.

दुसऱ्या वर्षी माझ्या पाळीत एक बाळंतीण गेली. विशीची मुलगी. मूल जगलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी प्रार्थना केली नाही, प्रभुभोजनाच्या रविवारी मुद्दाम ड्युटी मागून घ्यायचे. आईला काही कळवलं नाही. कळवलं असतं तर ती काय म्हणाली असती कोण जाणे. पोस्टकार्ड येत राहिलं. देवाचं नाव माझ्या तोंडून सुटलं होतं त्या वर्षात, पण नऊ वाजले की घड्याळाकडे नजर जायचीच. मी नाही तर नाही, तिकडे कुणीतरी माझं नाव घेतंय, हे मला कळत होतं. मला त्याचा कधी राग आला नाही, आणि तुमच्या मुलाला का येतो हे मला समजतं. आईने माझ्याकडून हिशोब मागितला नाही. एक वेळ सांगितली आणि ती पाळली.

तुम्हीही मुलाला एकदाच सांगा: 'मी पहाटे पाचला तुझं नाव घेते.' नंतर परत सांगू नका. आणि एखादी पहाट झोपेत गेली तर जाऊ द्या, दिवसभरात भाजी निवडताना घ्या नाव.

मिस्टरांचं म्हणाल, तर ते काही बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण रोज रात्री मुलाच्या नावाशी ज्याचा आवाज अडकतो त्या माणसाने आणखी काय बोलायचं? त्यांची प्रार्थना तुमच्याइतकीच चालू आहे. त्या अडकण्याच्या जागी त्यांना वाचवायला पुढचं वाक्य तुम्ही म्हणू नका. हात जोडलेले राहू द्या, डोळे मिटलेले राहू द्या, आमटी निवू द्या. जमलं तर त्यांच्या हातावर हात ठेवा.

आणि शेवटी ते, जे तुम्ही विचारलंच नाही. तुमच्या सबंध पत्रात मुलीसाठी एक ओळ आहे: जर्मनीत नर्स आहे, तिचं बरं चाललंय. मी स्वतः नर्स होते, परक्या गावात होते, म्हणून ती ओळ मला टोचली. माझं परकं गाव निदान मराठी बोलत होतं. तिला रुग्णाचं दुखणं परक्या भाषेत समजून घ्यावं लागतं, थंडीत पहाटे अंधारात ड्युटीवर जावं लागतं, आणि आईचा फोन आला की बहुधा भावाबद्दलच ऐकावं लागतं. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत बापाला लांबूनच वाटेवर परतणारा धाकटा दिसला, हे आपण नेहमी सांगतो. पण घरी राहून राबणारा थोरला शेतात होता. मला कधी साधं करडूसुद्धा दिलं नाही, असं तो म्हणाला, आणि तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर आला होता.

तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा, तिकडच्या उन्हाळ्यात, तिच्याकडे दुपारचे साडेचार असतात. सकाळपाळी असेल तर तोवर ती घरी आलेली असेल. आज तिला फोन लावा, भावाचं नाव काढू नका, आणि विचारा, तुझ्यासाठी काय मागू. ती थोडा वेळ गप्प राहील. तुम्ही फोन धरून ठेवा.